दोनशे चौदा कोटींचा शत्रू

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात सप्टेंबर २०१३ मध्ये गॅरॉश हेलस्क्रीम हा खलनायक अंतिम शत्रू म्हणून उभा राहिला. त्याच्याशी लढायला खेळाडूंची फौज जायची. ती फौज तोवर इतकी बलवान झाली होती, की झुंज काही मिनिटे तरी टिकायची तर गॅरॉशच्या अंगी अफाट ‘हेल्थ’, म्हणजे घाव सोसण्याची ताकद, हवी होती. पण संगणक ज्या ३२ बिटांच्या खणात हा आकडा ठेवत होता, त्यात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे मोजताच येत नाही. मग निर्मात्यांनी वाट काढली. लढाईच्या मध्यावर गॅरॉशची हेल्थ पुन्हा भरून येऊ लागली. कथेत याचे श्रेय एका मेलेल्या देवाच्या हृदयाला मिळते, खरे कारण मात्र पूर्णांकाची मर्यादा हे होते. हा खेळ २००४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाला, तेव्हा चाळीस जणांनी मिळून मारायचा रॅग्नारोस सुमारे ११ लाख हेल्थचा होता. म्हणजे नऊ वर्षांत आकडे जवळजवळ दोन हजार पटींनी फुगून यंत्राच्या भिंतीला टेकले. या फुगवट्याकडे बहुतेक जण खेळरचनेतली एक तांत्रिक डोकेदुखी म्हणून पाहतात. मला त्यात एक जुना तात्त्विक प्रश्न दिसतो: ‘वाढ’ नावाची गोष्ट नेमकी कशात असते?

आधी फुगवटा कसा येतो ते पाहू. रोल-प्लेइंग खेळाचा करार साधा असतो: खेळाडूने वेळ द्यायचा, खेळाने त्याला बलवान करायचे. तलवारीच्या घावासरशी शत्रूच्या डोक्यावर डॅमेजचा आकडा उसळतो, आणि तो कालच्यापेक्षा मोठा दिसला की कष्टाचे चीज झाले असे वाटते. पण किती मोठा? एकोणिसाव्या शतकात एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की हातातल्या ओझ्यात पडलेला फरक आपल्याला त्या ओझ्याच्या प्रमाणात जाणवतो. हलक्या वजनावर थोडी भर पडली तरी कळते, जड वजनावर तेवढीच भर पडली तर कळत नाही. आकड्यांनाही हेच लागू आहे. शंभराचे एकशे दहा झालेले डोळ्यांत भरते, एक लाखाचे एक लाख दहा झालेले कुणी पाहतही नाही. म्हणून प्रत्येक नवी तलवार जुनीपेक्षा ठरावीक टक्क्यांनी सरस ठेवावी लागते, आणि टक्क्यांची वाढ म्हणजे चक्रवाढ. दर पायरीला फक्त दहा टक्के धरले तरी सात पायऱ्यांत जवळपास दुप्पट होते, चोवीस पायऱ्यांत जवळपास दहापट आणि ऐंशी पायऱ्यांत दोन हजार पट. गॅरॉशच्या वेळी एकाच मोहिमेच्या चार काठिण्यपातळ्या होत्या आणि प्रत्येक पातळीचा गिअर, म्हणजे शस्त्रे-कवचे, वेगळ्या दर्जाचा होता, त्यामुळे पायऱ्या भराभर वाढत होत्या. लोभी सावकाराची यात गरजच नाही. आकडा फुगण्यास आपली जाणीवच पुरेशी आहे.

फुगवट्याची किंमत सर्वांत आधी भूतकाळ मोजतो. जानेवारी २००७ मध्ये ‘द बर्निंग क्रुसेड’ हा विस्तार आला आणि कमाल लेव्हल ६० वरून ७० झाली. महिनोन् महिने चाळीस जणांची जुळवाजुळव करून मिळवलेली जांभळ्या नावाची दुर्मीळ शस्त्रे एका बाजूला, आणि नव्या प्रदेशात पाऊल ठेवल्यावर किरकोळ कामांच्या बदल्यात मिळणारी हिरव्या नावाची साधी शस्त्रे दुसऱ्या बाजूला. अनेकदा हिरवीच वरचढ ठरली. शस्त्र कुणी हिरावून घेतले नाही, त्याच्यावरचा आकडाही पुसला नाही. त्याच्या भोवतीचे जग तेवढे वर सरकले.

नोव्हेंबर २०११ मध्ये खेळाच्या प्रणालींचे प्रमुख रचनाकार ग्रेग स्ट्रीट यांनी एक लेख लिहून खेळाडूंपुढे दोन मार्ग ठेवले. एक तर मोठे आकडे संक्षेपाने दाखवायचे, म्हणजे डोळ्यांना त्रास नको. नाही तर सगळेच आकडे दाबून लहान करायचे. दुसऱ्या मार्गात त्यांना धोका दिसत होता, तो गणितातला नव्हता, मनातला होता: शत्रूचे बळही त्याच प्रमाणात घटले तरी आपला आकडा लहान झालेला पाहून लोकांना लुबाडल्यासारखे वाटेल. निर्णय आणखी तीन वर्षे लांबला. ऑक्टोबर २०१४ मध्ये अखेर आकडे दाबले गेले आणि लाखांतले घाव हजारांत आले. या प्रकाराला ‘स्क्विश’ म्हणतात. शत्रू पूर्वीइतक्याच घावांत मरतील असे निर्मात्यांनी आधीच सांगून ठेवले होते, तरी आपण दुबळे झालो असे वाटणारे पुष्कळ होते. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने थांबावे अशी जागा ही आहे. सर्व गुणोत्तरे जशीच्या तशी असताना केवळ चिन्ह लहान झाले, तर कमी काय झाले? आणि काहीच कमी झाले नसेल, तर त्याआधी नऊ वर्षे वाढत होते ते काय होते?

वैशेषिक दर्शनात संख्येची चर्चा फार बारकाईने आली आहे. प्रशस्तपादांनी मांडलेल्या चोवीस गुणांत संख्या हा एक गुण आहे. त्यातले एकत्व वस्तूच्या ठायी असते, पण द्वित्वापासून पुढच्या संख्या ‘अपेक्षाबुद्धी’तून उत्पन्न होतात. हा एक आणि तो एक असे दोघांना मिळून पाहणारी जाणीव आधी हवी, तरच ‘दोन’ जन्माला येतात. ती जाणीव सरली की दोनपणही सरते. वैशेषिकांचा हा विचार अनेक वस्तूंच्या मोजणीबद्दल आहे, बळाच्या मापाबद्दल नाही. त्यामुळे तो इथे लावताना मी त्याचा विस्तार करतो आहे हे उघड सांगायला हवे. पण विस्तार ओढूनताणून केलेला वाटत नाही. दगडाला निदान स्वतःचे वजन असते. खेळातल्या तलवारीला घावाच्या आकड्यावाचून दुसरे शरीर नाही, आणि त्या आकड्याला शत्रूच्या हेल्थवाचून अर्थ नाही. दहा हजारांचा घाव दहा लाखांच्या शत्रूवर पडला तर तो शंभरावा हिस्सा. तोच घाव दोनशे कोटींच्या शत्रूला ओरखडाही काढत नाही. खेळाडू ज्याला ‘माझे बळ’ म्हणतो ते त्याच्याजवळ कधी नव्हतेच. ते त्याच्या आणि शत्रूच्या मध्ये होते. स्क्विशने हे मधले नाते राखले आणि चिन्ह बदलले. दुःख झाले ते चिन्हाचे, कारण माणसाने नाते सोडून चिन्हच मालकीचे धरले होते.

यावर कसलेला खेळाडू एक आक्षेप घेईल, आणि तो दमदार आहे. पूर्वी चाळीस जणांना न आवरणाऱ्या रॅग्नारोसला काही वर्षांनी एकटा खेळाडू सहज लोळवतो. शत्रू तोच, त्याची हेल्थ तीच, बदलला तो खेळाडू. मग ही वाढ खरी नव्हे काय? अवश्य खरी आहे. पण ती खरी ठरते स्थिर राहिलेल्या शत्रूच्या तुलनेत, म्हणजे पुन्हा नात्यातच. शिवाय स्क्विशच्या वेळी निर्मात्यांनी काय केले तेही पाहावे. सगळे आकडे दाबल्यावर जुन्या शत्रूंपुढची ही मिजास उतरण्याचा संभव होता, म्हणून खालच्या लेव्हलच्या शत्रूंविरुद्ध खेळाडूचे बळ पडद्याआडून वाढवण्याची सोय केली गेली. पडद्यावरचा आकडा लहान, प्रत्यक्ष परिणाम पूर्वीइतका किंवा अधिकच सोपा. आपण विकतो ते नाते आहे आणि आकडा हे त्याचे वेष्टन आहे, हे निर्मात्यांना पक्के ठाऊक होते. खेळणाऱ्यांनी मात्र वेष्टनावर जीव लावला होता.

अशा वेळी आपल्याकडे कुणालाही ययाती आठवेल. उपभोगाने इच्छा शमत नाही हे त्या कथेचे सार सर्वांना पाठ आहे. पण मला ती कथा इथे पुरती लागू पडते असे वाटत नाही. ययातीला भोग हवे होते आणि ते भोगण्यासाठी वर्षे हवी होती. खेळाडूला दहा लाखांचा घाव भोगायचा नसतो. दोन आठवड्यांत तो घाव त्याच्या नजरेलाही पडत नाही. त्याला हवा असतो कालचा नऊ लाखांचा आणि आजचा दहा लाखांचा यांतला फरक. फरकाची भूक ही भोगाच्या भुकेपेक्षा चमत्कारिक असते, कारण तृप्ती होते त्याच क्षणी आजचे सुख उद्याचे मोजमाप बनून बसते.

याहून जवळचा आधार तैत्तिरीय उपनिषदात सापडतो, आणि तो चक्क आकड्यांचा आहे. ब्रह्मानंदवल्लीत आनंदाची मीमांसा करताना उपनिषद आधी एकक ठरवते: तरुण, सज्जन, अध्ययन केलेला, धडधाकट, बळकट माणूस, आणि धनाने भरलेली सगळी पृथ्वी त्याच्या मालकीची. हा एक मानुष आनंद. याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, मग पितर, मग देवांचे तीन वर्ग, मग इंद्र, बृहस्पती, प्रजापती आणि शेवटी ब्रह्म्याचा आनंद. दहा वेळा शंभराने गुणल्यावर एकावर वीस शून्ये येतात. गॅरॉश या शिडीच्या मध्यापर्यंतही पोचत नाही. पण दुसऱ्या पायरीपासून प्रत्येक ठिकाणी उपनिषद एक पुस्ती जोडते. हाच आनंद वेद जाणणाऱ्या आणि कामनेने घायाळ न झालेल्या माणसालाही आहे. गंधर्वाच्या पायरीवर हे वाक्य आहे, इंद्राच्या पायरीवर आहे, ब्रह्म्याच्याही आहे. शंकराचार्य आपल्या भाष्यात यावर नेमके बोट ठेवतात: अध्ययन आणि निष्पापपणा सर्व पायऱ्यांवर सारखे धरले आहेत, आनंदाचे कमीजास्तपण ठरते ते कामना किती ओसरली यावरून.

आक्षेप असा येईल, की मग उपनिषदही फुगवटाच करते. शंभराचे गुणाकार तिथेही आहेत. आहेत, पण दोन शिड्यांत फरक आहे. उपनिषदाच्या शिडीवर खालची पायरी कधी रद्द होत नाही. देवांचा आनंद कितीही पट असला तरी मानुष आनंद हा आनंदच राहतो, एवढेच नव्हे तर सबंध हिशेब त्याच एककावर उभा असतो. खेळाच्या शिडीवर नवी पायरी आली की जुनी निकामी होते. चाळीस जणांसाठी बांधलेली रॅग्नारोसची मोल्टन कोअर ही गुहा पुढे कुणी आव्हान म्हणून पाहिनासे झाले. तिथे जायचे ते एकट्याने, जुनी वस्तू उचलायला. आणि दुसरा फरक असा, की उपनिषदाची शिडी बोलूनचालून संपते. वरच्या टोकाला पोचल्यावर मापन थांबते. आकडे वापरले आहेत ते आकड्यांच्या पलीकडच्या गोष्टीचा अदमास देण्यासाठी, संग्रहासाठी नव्हेत.

समाधान हा एक अपूर्णांक मानला, वर मिळालेले आणि खाली हवे असलेले, तर तो वाढवायच्या दोनच रीती आहेत: अंश वाढवा किंवा छेद घटवा. खेळ अंश वाढवत जातो, पण शत्रूही त्याच हाताने मोठा होत असल्याने छेदही वाढतो. उपनिषदाची ती पुस्ती सांगते छेद घटवण्याची रीत. स्क्विश यांपैकी कोणतीच रीत नव्हे. त्यात अंश आणि छेद या दोघांना एकाच संख्येने भागले जाते, आणि तसे केल्याने अपूर्णांक बदलत नाही हे शाळेतल्या पोरालाही समजते. म्हणून स्क्विशला संयम समजण्याची चूक करू नये. पुढचा इतिहास तेच सांगतो. २०१६ च्या ‘लीजन’ विस्तारात आकडे पुन्हा लाखांच्या पार चढले. २०१८ मध्ये दुसरा स्क्विश झाला. २०२० मध्ये तिसरा झाला, आणि त्या वेळी लेव्हलही दाबल्या गेल्या: १२० चे ५० झाले आणि ‘शॅडोलँड्स’ हा विस्तार आल्यावर कमाल लेव्हल ६० ठरली, म्हणजे २००४ मध्ये होती तिथेच. २०१९ मध्ये कंपनीने खेळाचे जुने रूप ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा काढले, तेव्हा लहान आकड्यांच्या ओढीने लोक लोटले. पण दोनच वर्षांत तिथेही ‘द बर्निंग क्रुसेड’ आले, जुनी शिडी नव्याने चढायला मिळाली आणि बरेच जण ती उत्साहाने चढले.

कुणी म्हणेल, करमणुकीच्या खेळावर मोक्षशास्त्राचे ओझे कशाला? पगार वाढतो आणि भावही वाढतात, तिथे हेच होते. मग खेळालाच का धरायचे? नेमके त्याचसाठी धरायचे. आयर्व्हिंग फिशर या अर्थतज्ज्ञाने १९२८ मध्ये ‘द मनी इल्यूजन’ हे पुस्तक लिहिले, ते नोटेवरच्या आकड्याला भुलण्याविषयीच आहे. पण पैशाच्या व्यवहारात भ्रम आणि गरज एकमेकांत इतके गुंतलेले असतात की वेगळे काढता येत नाहीत. आकड्यामागे कुठेतरी धान्य, घर, औषध असतेच. खेळात आकड्यामागे धान्य नाही. तिथे उपाशी कुणी राहत नाही, जग एका कार्यालयात बसून ठरवले जाते, गुणोत्तरे हवी तशी गोठवता येतात. माणसाची फरकाची भूक इतर सर्व कारणांपासून सुटी करून पाहायची तर याहून स्वच्छ प्रयोगशाळा कुठली मिळणार? आणि तिथे दिसते ते असे, की अभाव पूर्णपणे दूर केला तरी आकड्याची तहान राहते. दारिद्र्य हटले की लोभ हटेल असे मानणाऱ्या सज्जनांनी हे ध्यानात घ्यावे.

शेवटचा आक्षेप सर्वांत अवघड आहे. कामना ओसरली तर खेळायचे कशाला? निष्काम माणूस गॅरॉशशी लढायला येणारच नाही. यात तथ्य आहे, आणि उपनिषदाची ती पुस्ती संसारी माणसाला जशीच्या तशी पेलणारी नाही हेही मान्य. जैन आचारात गृहस्थासाठी याचा मध्यम मार्ग आहे. मुनीचे अपरिग्रहाचे व्रत पूर्णत्यागाचे, श्रावकाचे मात्र परिग्रह-परिमाणाचे: किती बाळगायचे याची मर्यादा ज्याची त्याने आधीच ठरवून घ्यायची. इच्छा मारायची नाही, तिला कुंपण घालायचे. खेळांच्या दुनियेत अशा कुंपणाचा नमुना आहे. ‘गिल्ड वॉर्स २’ हा खेळ ऑगस्ट २०१२ मध्ये आला, त्याची कमाल लेव्हल ८० होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये गिअरचा आणखी एक वरचा दर्जा आणला गेला, तेव्हा बऱ्याच खेळाडूंनी कडाडून नापसंती दाखवली. त्यांना इथेही शिडी सुरू होण्याची भीती वाटली. पुढे त्याच्यावरचा दर्जा आलाच नाही. ‘लेजेंडरी’ शस्त्रांचे बळही तेवढेच असते, सोय आणि शोभा जास्त. नव्या विस्तारात नवे प्रदेश मिळतात, उडायची-धावायची नवी वाहने मिळतात, लढायच्या नव्या तऱ्हा शिकता येतात. बुद्धिबळात उंट शतकानुशतके तिरकाच चालतो आणि तरी खेळणारा तरबेज होत जातो, त्या जातीची ही वाढ आहे. तिथली माणसे विरक्त झाली असे मुळीच नाही. पोशाखांची आणि झळाळत्या तलवारींची हौस तिथे जोरात चालते, कंपनी त्याचे पैसेही घेते. इच्छेने वाट बदलली, ती विझली नाही. पण एक गोष्ट साधली: कुणाचे काल मिळवलेले आज निकामी होत नाही. वर्षानुवर्षे न फिरकलेला खेळाडू परत आला तर त्याचे जुने कवच अजून कामाचे असते. धंदा बुडेल म्हणून मर्यादा घालता येत नाही, या सबबीला एवढे उत्तर पुरे आहे. ‘गिल्ड वॉर्स २’ चे पुढे अनेक विस्तार निघाले, आणि त्यांतल्या एकानेही ८० ही कमाल लेव्हल वाढवलेली नाही.